सूर्यदेवतांची सोयरीक : समज आणि वस्तुस्थिती

निरनिराळ्या समाजांच्या देवदेवतांची एकमेकींशी सांगड घालण्याची हौस मनुष्याला फार पुरातन काळापासून आहे, आणि आकाशात तळपणारे बिंब सर्वांना एकच दिसत असल्यामुळे सूर्याच्या बाबतीत तरी हे काम अगदी सोपे असावे, असे कोणालाही वाटते. वैदिकांचा सूर्य, मिसर देशाचा रा, ग्रीकांचा अपोलो, इराणचा मिथ्र आणि उत्तरेकडील नॉर्स लोकांचा बाल्डर, अशी नावे एका रकान्यात मांडणारे तक्ते याच समजुतीतून सिद्ध झाले. परंतु ही नावे मूळ ग्रंथांशी ताडून पाहू लागले म्हणजे पाचांपैकी शेवटची तिन्ही भलत्याच खात्यावर जमा झालेली आढळतात.

बाल्डर हा ओडिनचा पुत्र. त्याच्या अंगातून प्रकाश फाकतो, असे आइसलंडचा पंडित स्नॉरी स्टुर्लुसन (११७९–१२४१) याने आपल्या गद्य एड्डात नमूद केले आहे. लोकी नावाच्या देवाच्या कपटामुळे, अंध भावाच्या हातून, मिसलटो नावाच्या बांडगुळाने त्याचा वध होतो आणि त्याच्यासाठी चराचर सृष्टी अश्रू ढाळते. एवढ्या सामग्रीवरून एकोणिसाव्या शतकातील निसर्गरूपकवादी पंडितांनी त्याला हिवाळ्यात क्षीण होणारा सूर्य ठरवले. पण हिवाळ्यातला सूर्य दरसाल परततो; बाल्डर मात्र जगाचा प्रलय होऊन नवी सृष्टी उदयास येईपर्यंत मृत्युलोकातच राहतो. त्याहून निर्णायक गोष्ट अशी की, त्याच्या मृत्यूनंतरही आकाशातला सूर्य आपल्या मार्गाने चालतच असतो आणि पुढे प्रलयकाळी लांडग्याच्या तोंडी पडतो. सबब, एकाच कथेत दोन निरनिराळ्या वेळी आणि निरनिराळ्या रीतीने नाहीशी होणारी ही दोन पात्रे एक मानणे कोणत्याही पुराव्याने शक्य नाही.

मग नॉर्स लोकांचा सूर्य कोण? ती एक देवी आहे, आणि तिचे नाव सोल. मुंडिलफारी नावाच्या गृहस्थाने आपल्या देखण्या मुलाला मानी, म्हणजे चंद्र, आणि मुलीला सोल, म्हणजे सूर्य, अशी नावे ठेवली; हा उद्दामपणा न साहून देवांनी दोघा भावंडांना उचलले आणि आकाशात कामाला लावले, अशी स्नॉरीची हकीकत आहे. आर्वाक्र आणि आल्सविद हे तिच्या रथाचे दोन घोडे. धावताना ते होरपळू नयेत म्हणून देवांनी त्यांच्या खांद्यांखाली वारा घालणारे भाते बसवले आहेत. सूर्यासमोर स्वालिन नावाची ढाल उभी असते, आणि ती ढळली तर डोंगर आणि समुद्र जळून जातील, असे काव्यमय एड्डात सांगितले आहे. मागून स्कोल हा लांडगा सतत पाठलाग करीत असतो. म्हणून ती घाईने धावते. अखेरीस ती गिळली जाणार हे ठरलेले आहे, परंतु त्यापूर्वी तिला एक कन्या होईल आणि आईचा मार्ग ती पुढे चालवील. इतके जिवंत, भयाने आणि आशेने भरलेले चरित्र मूळ कथेत असताना, केवळ सूर्य पुरुषच असला पाहिजे या पूर्वग्रहापायी तिच्या जागी बाल्डरला बसवावे, हा त्या कथेवर अन्याय आहे.

वारांच्या नावांचा दाखला येथे उपयोगी पडतो. रोमन लोकांचा ग्रहांचा आठवडा जर्मानिक जमातींनी स्वीकारला तेव्हा त्यांनी मंगळाच्या जागी ट्यूर, बुधाच्या जागी ओडिन, गुरूच्या जागी थोर आणि शुक्राच्या जागी फ्रिग यांना नेमले; रविवारी मात्र त्यांना कोणत्याही देवाचा शोध घ्यावा लागला नाही, सूर्याचेच नाव कायम राहिले. आपले मंगळवार, बुधवार आणि गुरुवार याच क्रमाने येतात, याचे कारण ओडिनचे आपल्या बुधाशी काही नाते आहे हे नसून, तोच, मुळात ग्रीक ज्योतिषातून आलेला, आठवडा भारतातही येऊन रुजला हे आहे. मध्य भारतातील एरण येथील इसवी सन ४८४ च्या शिलालेखात तिथीबरोबर गुरुवारही नोंदलेला आढळतो.

अपोलोची गोष्ट थोडी निराळी. होमरच्या काव्यांत सूर्य म्हणजे हेलिओस, हायपेरियनचा पुत्र. अपोलो हा झ्यूस आणि लेटो यांचा मुलगा, धनुर्धर, रोग पसरवणारा आणि भविष्य सांगणारा. ओडिसीत हेलिओसच्या गाईंचे सात कळप आहेत, प्रत्येकी पन्नास गाईंचे; ओडिसियसच्या सोबत्यांनी त्यांतील गाई मारल्या तेव्हा हेलिओस झ्यूसला धमकावतो की, भरपाई मिळाली नाही तर मी खाली मृतांच्या लोकात जाऊन तेथे प्रकाशेन. या प्रसंगी अपोलोचा काही संबंध नाही. ऱ्होड्स बेटावरील प्रसिद्ध महाकाय पुतळाही हेलिओसचाच होता. दोघांची एकरूपता इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकापासून दिसू लागते आणि पुढे दृढ होत जाते. म्हणजे तक्त्यातील ही नोंद सर्वस्वी खोटी नाही. उत्तरकालीन अवस्था मूळ म्हणून दाखवणे, हा तिचा दोष.

मिथ्राचेही तसेच. अवेस्तातील मिह्र यश्तात तो करारांचा रक्षक असून सूर्याच्या आधी हरा पर्वतावर येतो. ऋग्वेदातही सूर्याला मित्र, म्हणजे मिथ्राचाच वैदिक भाऊबंद, आणि वरुण यांचा नेत्र म्हटले आहे. ज्याचा नेत्र सूर्य, तो स्वतः सूर्य कसा असेल? सूर्यनमस्कार घालताना आपण पहिले नाव मित्राचे घेतो, ते पुढच्या काळात झालेल्या मीलनामुळे.

उष्ण देशांत सूर्य प्रखर म्हणून पुरुष आणि थंड देशांत सौम्य म्हणून स्त्री, हा सिद्धान्त ऐकायला गोड आहे, पण तो टिकत नाही. सीरियाच्या उन्हाळी किनाऱ्यावरील उगारित येथे १९२९ पासून सापडलेल्या मातीच्या पाट्यांत शापाश ही सूर्यदेवी आहे, आणि तिच्याच नावाचे सगोत्र नाव धारण करणारा मेसोपोटेमियाचा शमाश पुरुष आहे. हित्ती लोकांची अरिन्नाची सूर्यदेवी, लिथुआनियाची साउले आणि जपानची अमातेरासू यांना एकाच हवामानाच्या दोरीत ओवणे अशक्य आहे.

मग सारखेपणा आला कोठून? कधी तो समान वारशातून येतो, कधी उसनवारीतून, आणि कधी केवळ आकाश एकच असल्यामुळे. सूर्याचा रथ घ्या. डेन्मार्कमधील ट्रुंडहोमच्या दलदलीत १९०२ साली नांगराखाली सापडलेला, कांस्याचा घोडा आणि एका बाजूने सोन्याचा पत्रा चढवलेली, सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाची तबकडी असलेला गाडा सुमारे साडेतीन हजार वर्षांचा आहे. वेद, होमरच्या नावावर असलेली ग्रीक स्तोत्रे आणि एड्डा यांतही अश्वांनी ओढलेला सूर्य आहेच. म्हणून ही कल्पना आदिम आर्यभाषिकांची, असे घाईने म्हटले जाते. परंतु आऱ्यांच्या चाकांचे सर्वांत जुने ज्ञात रथ उरल पर्वताच्या दक्षिणेस इसवी सनापूर्वी २००० च्या सुमाराचे आहेत, आणि त्या भाषा तत्पूर्वीच एकमेकींपासून फुटल्या होत्या. वेगवान रथाची ही प्रतिमा त्यानंतर एका समाजाकडून दुसऱ्याकडे गेली असण्याचा संभव अधिक.

वारशाचा सर्वांत सबळ पुरावा माझ्या मते सूर्यात नसून त्याच्या कन्येत आहे. ऋग्वेदात सूर्याची कन्या सूर्या अश्विनीकुमारांच्या रथावर आरूढ होते. क्रिश्यानिस बारोन्स यांनी १८९४ ते १९१५ या काळात प्रसिद्ध केलेल्या लॅटव्हियाच्या लोकगीतांत सूर्यकन्येला मागणी घालायला देवाचे पुत्र घोड्यांवरून येतात. ग्रीकांचे कास्टर आणि पोलक्स हे जुळे घोडेस्वार समुद्रात सापडलेल्यांना वाचवतात, आणि अश्विनीकुमार भुज्यूला समुद्रातून बाहेर काढतात. नाते, वाहन आणि काम, अशा तिन्ही अंगांनी ही कथा जुळते. रोमन इतिहासकार टॅसिटसने इसवी सन ९८ च्या सुमारास एका जर्मानिक जमातीच्या वनराईत पूजल्या जाणाऱ्या आल्किस नावाच्या दोन तरुण भावांची नोंद करून, रोमन अर्थाने हे कास्टर आणि पोलक्स होत, असे लिहिले. मूर्ती एकही नसता, केवळ भाऊपण आणि तारुण्य पाहून त्याने लावलेली ही जोडी आजच्या अभ्यासकांना मान्य आहे.