उकलतांनाच जुळवावें

इंग्लंडांत ॲबिंग्डन येथें १९४५ ते १९४९ या काळांत तयार झालेल्या एमजी टीसी या क्रीडामोटारीचें इंजिन हौशी गृहस्थ आजहि घरीं उकलतात. त्यांत एक चकवा आहे. बोल्टांच्या डोक्यांस इंग्रजी व्हिटवर्थ पाना चपखल बसतो. आटे मात्र मिलिमीटरचे! मॉरिसनें १९२३ सालीं कॉव्हेन्ट्रींतील हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला. तेथील यंत्रें मेट्रिक मापाचीं, त्याचा हा वारसा. डोकें पाहून इंग्रजी आट्यांचा बोल्ट बळेंच पिळला, कीं ठोकळ्यांतील आटे गेलेच. यास्तव काढलेल्या प्रत्येक बोल्टास त्याच्या जागेची चिठ्ठी बांधावी. समासाचा विग्रह करणारा विद्यार्थी पदांचा क्रम विसरला, तर त्याला समास पुन्हा जुळवितां येत नाहीं, येथेंहि तसेंच. उकलणें सोपें; जुळविण्याची तयारी मात्र उकलतांनाच करावी लागते.