रोहिणखेडचं मत कोणाला?

इतिहासाच्या पुस्तकात रोहिणखेडचं नाव दोनदा येतं, आणि दोन्ही वेळा लढाईच्या निमित्तानं. १४३७ साली खानदेशचा नासिरखान आणि बहमनी सरदार मलिक-उत्-तुजार यांची इथं गाठ पडली. पुढं सोळाव्या शतकाच्या अखेरीस बुऱ्हाण निजामशहानं जमालखानाला इथंच हरवलं आणि अहमदनगरच्या गादीचा निकाल लागला. बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातलं, घाटाखालचं हे गाव. सोळाव्या शतकातली खुदावंदखानाची मशीद अजून तिथं आहे. गादीचा निकाल आपल्या शिवारात लागलेला पाहिलेल्या या गावाला नंतरची चार शतकं, निवडणुका सोडल्या तर, कोणी फारसं काही विचारलं नाही. एकदम विचारणा झाली ती २००४ च्या हिवाळ्यात, आणि तीही दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून. देशाचा गायक कोण, ते म्हणे तुम्हीच ठरवा!

‘इंडियन आयडल’चा तो पहिला हंगाम. २८ ऑक्टोबर २००४ ला सोनी वाहिनीवर सुरू झाला आणि ५ मार्च २००५ ला संपला. साचा परदेशी होता. ब्रिटनमध्ये २००१ साली ‘पॉप आयडल’ निघालं, पाठोपाठ २००२ मध्ये अमेरिकेत त्याची आवृत्ती आली, आणि तोच साचा आपल्याकडं आणून त्यात हिंदी सिनेमाची गाणी ओतली. परीक्षक सोनू निगम, अनू मलिक आणि फराह खान. गावोगावची मुलं रांगा लावून उभी राहिली. लुधियानाचा रविंदर रवी घरांना रंग देऊन पोट भरायचा, तोही अंतिम स्पर्धकांत पोहोचला. आपली प्राजक्ता रानडे बरीच पुढपर्यंत गेली. शेवटी तिघे उरले: मुंबईचा अभिजीत सावंत, भिलाईचा अमित साना आणि जन्मानं नागपूरचा राहुल वैद्य.

घाटाखालच्या माणसाला रेल्वे म्हणजे मलकापूर. तिथून एका बाजूला गाडी मुंबईला जाते, दुसऱ्या बाजूला नागपूर करून थेट भिलाईवरून हावड्याला. तिन्ही पोरं आमच्याच रुळावरची निघाली! मी तेव्हा बँकेच्या नोकरीत होतो आणि त्या भागातल्या एका शाखेत होतो. वसुलीला, पीक पाहणीला रोहिणखेडला जाणं व्हायचं. कापूस वेचणीचे दिवस. घराघरात कापसाचे ढीग पडलेले आणि त्या ढिगावर टेकून लोक अभिजीत की राहुल यावर वाद घालताहेत, हे दृश्य मी पाहिलेलं आहे. राहुलच्या बाजूला विदर्भाचा अभिमान, अभिजीतच्या बाजूला मराठीचा. अमित सानाच्या बाजूला बायका जास्त. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

पण या उत्साहात एक मोठीच अडचण होती. ती म्हणजे वीज. भारनियमनाचा तो काळ. गाणी रंगात यायची आणि नेमका दिवा जायचा. मग कोण वाचलं, कोण गेलं हे दुसऱ्या दिवशी एस.टी.नं येणाऱ्या वर्तमानपत्रातून कळायचं. देशाचा निकाल लागून रात्र उलटलेली असायची, आणि इकडं पारावर पैजा अजून चालूच असायच्या.

आता कोणी म्हणेल, गाण्याच्या स्पर्धा आधी नव्हत्या का? होत्या की! ‘सा रे ग म’ १९९५ साली सुरू झालं. तेव्हाचा सूत्रसंचालक सोनू निगमच होता. नऊ वर्षांनी तो परीक्षकाच्या खुर्चीत बसला. त्या ‘सा रे ग म’मध्ये नौशाद, खय्याम, कल्याणजी अशी मंडळी परीक्षक म्हणून येऊन गेली. ते गुण देत, चूक सांगत, आणि मुलं मान खाली घालून ऐकत. त्याच्याही मागं गेलं तर आकाशवाणी. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपले मराठी गृहस्थ १९५२ पासून दहा वर्षं नभोवाणीमंत्री होते. त्यांच्या काळात कलावंतांची कसून चाचणी आणि प्रतवारी सुरू झाली. मोठमोठे गवई त्यावर रुसले. सिनेमाची गाणी त्यांनी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. लोकांनी काय केलं? सुई फिरवून रेडिओ सिलोन लावलं! १९५२ मध्येच तिथं अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि पायदानावर कुठलं गाणं चढलं याची चर्चा खेड्यापाड्यांत होऊ लागली. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून सरकारनं एक प्रकारे लोकांचं म्हणणं मान्य केलं.

म्हणजे गाण्याचा निवाडा जाणत्यांनी करायचा की ऐकणाऱ्यांनी, हे भांडण जुनंच. ‘इंडियन आयडल’नं ते शेवटच्या टप्प्यात ऐकणाऱ्यांच्या बाजूनं निकालात काढलं. परीक्षकांनी नुसतं बोलायचं. कोण राहणार ते मतांनी ठरणार. ऐकायला हे फार छान वाटतं. माझी शंका त्या ‘मत’ या शब्दापाशी आहे.

खेड्यातल्या माणसाला मताचा अर्थ शिकवावा लागत नाही. विविध कार्यकारी सोसायटीत त्यानं तो पाहिलेला असतो. पन्नास एकरवाला असो की दोन एकरवाला, एक सभासद, एक मत. कंपनीचं तसं नसतं. तिथं ज्याचे शेअर जास्त, त्याची मतं जास्त. गाण्याच्या या निवडणुकीत नाव सोसायटीचं होतं आणि हिशेब कंपनीचा. मत द्यायचं ते फोनवरून, मुख्यतः मोबाइलच्या संदेशानं. एकाच फोनवरून हवी तितकी मतं देता येत. प्रत्येक मताला पैसे पडत, साध्या संदेशापेक्षा बरेच जास्त, आणि त्यात मोबाइल कंपनीचा आणि वाहिनीचा वाटा. रोहिणखेडात त्या वर्षी मोबाइल किती जणांकडं होते, ते बोटांवर मोजता आलं असतं. आणि ज्यांच्याकडं होते, त्यांना आवाज पकडायला गच्चीवर चढावं लागे. कापसाच्या ढिगावर बसून तावातावानं बोलणारी ती सगळी माणसं त्या मोजणीत नव्हतीच. मोजणी पुण्या-मुंबईच्या, दिल्ली-कोलकात्याच्या खिशांची झाली.

आणखी एक गोष्ट माझ्यातल्या बँकवाल्याला खटकते. खेड्यातल्या पतपेढीचाही ताळेबंद लेखापरीक्षकासमोर मांडावा लागतो. इथं देशभरातून मतं आली आणि कोणाला किती, याचं खातं सामान्य माणसानं कधी पाहिलं नाही. कितीतरी वर्षांनी अमित सानानं मुलाखतीत त्या अंतिम फेरीतल्या मतदानावर आक्षेप घेतला, अभिजीतनं तो फेटाळून लावला. कोण खरं, ते मी सांगणार नाही. पण चोपडी उघडी असती, तर दोघांनाही वीस वर्षं जुना वाद उकरायची पाळी आली नसती.

अभिजीतचं गाणं मला आवडलं होतं, हे इथं सांगून टाकतो. मोकळा आवाज, चेहऱ्यावर नम्रता, उगाच गळ्याची कसरत नाही. ‘आपका अभिजीत सावंत’ हा त्याचा संच २००५ मध्येच आला आणि रसवंतीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळीकडं वाजला.

पैशाच्या मताला अस्मिता चिकटली की काय होतं, ते दोन वर्षांनी दिसलं. २००७ च्या तिसऱ्या हंगामात दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल समोरासमोर आले. डोंगरातल्या गावांनी वर्गण्या काढून मतं पाठवली. तमांग जिंकला. मग दिल्लीतल्या एका रेडिओ निवेदकानं नेपाळी भाषकांवर केलेल्या टिंगलीवरून सिलीगुडीत दंगल पेटली, लष्कर बोलवावं लागलं. गाण्याच्या स्पर्धेसाठी लष्कर! त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जकार्त्याला सहा देशांच्या विजेत्यांची ‘एशियन आयडल’ झाली. अभिजीत तिथं भारताकडून गायला. तिथला नियम मला फार शहाणपणाचा वाटला. प्रत्येक मतात दोन नावं द्यायची, एकच दिलं तर मत बाद. एक नाव आपल्या देशाच्या माणसाचं द्याल, कबूल. पण दुसरं कोणाचं? दुसरं नाव लिहिताना माणसाला गाणं ऐकावंच लागतं. भारत आणि इंडोनेशियासारखे अवाढव्य देश रिंगणात असताना जिंकला तो चिमुकल्या सिंगापूरचा हादी मिर्झा.

आमच्या भागाला स्पर्धा नवी नाही. भजन स्पर्धा विदर्भात रात्र-रात्र चालतात. खंजिरी, पेटी, टाळ. एका कोपऱ्यात परीक्षक वही घेऊन बसलेला, ताल, सूर, शब्दोच्चार यांचे गुण मांडत. पहाटे तीनला ज्या मंडळाची पाळी येते, तेही तितक्याच जोमानं गातं. बक्षीस मिळो न मिळो, कोणाला मध्येच घरी पाठवत नाहीत. सगळ्यांचं ऐकून झाल्यावरच निकाल. तिथल्या एका भजनी मंडळाच्या म्हाताऱ्या बुवांना मी ‘इंडियन आयडल’बद्दल विचारलं होतं. ते दूरचित्रवाणी आवडीनं बघत. म्हणाले, “पोट्ट्यायचा आवाज गोड हाये साहेब. पन आमच्या भजनात एकानं सूर सोडला त बाकीचे धरतात. इथं एकानं सोडला का बाकीच्यायले बरं वाटते. थे काई मले पटत नाई.”

पुढं मराठीत हीच लाट आली तेव्हा मात्र बुवांच्या बाजूचं काहीतरी घडलं. २००९ च्या सुरुवातीला ‘लिटिल चॅम्प्स’मध्ये आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. तिच्या गळ्यातली अभंगाची मोकळी फेक खेड्यातल्या कानाला ओळखीची होती, आणि तोवर खेड्याच्या हातात मोबाइलही आला होता.

त्याचा पुरता प्रत्यय यायला २०२४ उजाडलं. गायन बाजूला ठेवून अभिजीत ‘बिग बॉस मराठी’च्या घरात गेला. राहुल वैद्यही हिंदी ‘बिग बॉस’मध्ये जाऊन २०२१ मध्ये दुसरा आला होता. ज्यांना मतांनी मोठं केलं, त्यांना पुन्हा मतांच्या दारात उभं राहावं लागलं, याचं मला वाईट वाटतं. गाण्यावर पोट भरणं आपल्याकडं किती अवघड आहे, ते यातून कळतं. पण ती अंतिम फेरी बघण्यासारखी होती. अभिजीत दुसरा आला. पहिला आला तो बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण. आता मत अ‍ॅपवरून आणि फुकट, फोन प्रत्येकाच्या हातात. २००५ मध्ये जी माणसं मोजणीबाहेर होती, ती या वेळी आत आली. त्यांनी योग्य माणूस निवडला का, यावर आमच्या घरी दोन दिवस भांडण चाललं होतं. भांडणाचं सोडा, पण खेडं मोजलं गेलं एवढं खरं.

त्या जुन्या हिवाळ्यातला आणखी एक माणूस सांगायचा राहिला. अंतिम फेरी होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. मार्चअखेरीची धावपळ, आणि रोहिणखेडचा एक विशीतला पोरगा माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. भजनी मंडळात गायचा. आवाज मी ऐकलेला होता, चांगला होता. त्याला मुंबईला जाऊन गाणं शिकायचं होतं, पुढच्या हंगामाच्या रांगेत उभं राहायचं होतं. त्यासाठी कर्ज पाहिजे. मी अर्ज पुढं केला. त्यात ‘उद्देश’ असा एक रकाना असतो: विहीर, शेळीपालन, पिठाची गिरणी, किराणा. तो रकाना बराच वेळ बघून त्यानं विचारलं, “साहेब, आवाज तारण ठेवता येते का?”

नव्हता येत. पण सुशिक्षित बेरोजगारांसाठी तेव्हा पंतप्रधान रोजगार योजना होती. जिल्हा उद्योग केंद्राची शिफारस आणली की बँक कर्ज देई. चार दिवस विचार करून तो परत आला आणि रकान्यात लिहिलं, ‘साउंड सर्व्हिस’. दोन भोंगे, चार पेट्या, अ‍ॅम्प्लिफायर, तीन माइक. लग्न, गणपती, कीर्तन सप्ताह, जिथं जाईल तिथं माइक तपासायच्या निमित्तानं तो आधी एक गाणं पुरं गाऊन घ्यायचा. नुसतं ‘हॅलो, हॅलो’ त्यानं कधी म्हटलं नाही. पुढं पुढं लोक त्या तपासणीसाठी लवकर येऊन बसू लागले, आणि सुपारी देतानाच सांगू लागले, की दोन गाणी तुझी पाहिजेत.

हप्ते त्यानं वेळेत भरले. माझी बदली व्हायच्या आधीच शेवटचा हप्ता घेऊन आला, तो हातात दुसरा अर्ज घेऊनच. या वेळी ‘उद्देश’च्या रकान्यापुढं त्यानं न थांबता लिहिलेलं होतं: जनरेटर.