स्वतंत्र लघुपट : पडद्यामागील श्रम आणि कायद्याचे संरक्षण

चित्रपट ही सामूहिक कला आहे. पूर्ण लांबीच्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत शेकडो नावे असू शकतात. स्वतंत्र लघुपट मात्र अनेकदा आठ-दहा जणांच्या चमूवर उभा राहतो. लघुपटाच्या लांबीची सर्वमान्य व्याख्या नाही. ऑस्कर पुरस्कारांसाठी श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतची कलाकृती लघुपट मानली जाते.

चौघांचा लघुपट

पुण्याची भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या आवारात स्थापन झाली. तेथील दूरचित्रवाणी विभागाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात दिग्दर्शन, छायालेखन, संकलन व ध्वनी या चार शाखांचे विद्यार्थी वर्षअखेरीस एकत्र येऊन लघुपट करतात. अशाच उपक्रमातून निर्माण झालेल्या 'सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो' या कन्नड लघुपटाला २०२४ च्या कान महोत्सवात विद्यार्थी चित्रपटांच्या 'ला सिनेफ' विभागाचे प्रथम पारितोषिक मिळाले. दिग्दर्शन चिदानंद नाईक यांचे, छायालेखन सूरज ठाकूर यांचे, संकलन मनोज व्ही. यांचे आणि ध्वनी अभिषेक कदम यांचा होता. गावातला कोंबडा चोरीला गेल्याने सूर्यच उगवेनासा होतो, ही त्यामागील लोककथा. अशा कथेत अंधार दाखवणे ही छायालेखकाची आणि तो ऐकवणे ही ध्वनिमुद्रकाची कसोटी ठरते.

चमूचे कार्य

निर्मितीपूर्व टप्प्यात पटकथेची दृश्यवार फोड, स्थळनिवड, परवानग्या व वेळापत्रक ही कामे येतात. चित्रीकरणात सहाय्यक दिग्दर्शक वेळ सांभाळतो, तर दृश्यांतील सातत्य राखणारी व्यक्ती कलाकाराचे कपडे, वस्तूंची जागा व हालचाली यांची नोंद ठेवते. ही नोंद चुकल्यास संकलनाच्या टेबलावर दोन शॉट जुळत नाहीत आणि पुनर्चित्रीकरणासाठी पैसा नसतो. त्यामुळे लहान चमूत एका व्यक्तीची चूक संपूर्ण कलाकृतीला भोवते.

नवोदित दिग्दर्शकांमध्ये श्रमांची देवाणघेवाणही रूढ आहे. आज एकाच्या लघुपटात ध्वनी सांभाळणारा उद्या स्वतःच्या लघुपटासाठी त्याच मित्राकडून संकलन करून घेतो. या पद्धतीमुळे खर्च वाचतो आणि प्रत्येक विभागाचे ज्ञान मिळते. मात्र मानधन, कामाचे तास, अपघात व श्रेय यांबाबत लेखी काहीच नसते. स्वामित्व हक्क अधिनियम, १९५७ नुसार चित्रपटाचा कर्ता निर्माता मानला जातो. साहजिकच छायालेखक व संकलक यांचे मानधन व श्रेय मुख्यतः करारावर अवलंबून राहते.

कायद्यातील बदल

चित्रपट कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा १९८१ चा कायदा पूर्ण लांबीच्या कथाचित्रपटांपुरता होता. लघुपट त्याच्या कक्षेबाहेर राहिले. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ने तो रद्द केला. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यातील दृक्‌श्राव्य निर्मितीच्या व्याख्येत कथाचित्रपटांबरोबर कथाबाह्य चित्रपट, ॲनिमेशन, जाहिराती, डिजिटल निर्मिती व वेब मालिका यांचाही समावेश आहे. दृक्‌श्राव्य कामगाराशी लेखी करार करणे व त्याची नोंदणी करणे बंधनकारक असून वेतन, कामाचे तास, सुरक्षितता आणि तंटा निवारणाची पद्धत या बाबी करारात असाव्या लागतात. मात्र केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या मर्यादेपर्यंत मोबदला असणाऱ्यांनाच या व्याख्येचा लाभ मिळतो.

समारोप

कायद्याची कक्षा रुंदावली, तरी मैत्रीखातर विनामोबदला केलेले काम सहजासहजी तिच्यात बसत नाही. मुळात तेथे वेतनही नसते आणि करारही नसतो. स्वतंत्र लघुपटांचा बराचसा भाग अशाच श्रमांवर उभा असल्याने संहितेची खरी परीक्षा येथे आहे. नवोदित दिग्दर्शकाने चित्रीकरणापूर्वी प्रत्येक सहकाऱ्याचे काम, मानधन व श्रेय एका कागदावर नोंदवणे, ही त्या दिशेने पहिली पायरी ठरेल.