कांद्याला वारा, किड्याला कोंडमारा

बाजारातून आणून टोपलीत टाकलेला कांदा जिवंत असतो. बटाटा, आलं, कोथिंबीर, कच्चा चिकूही जिवंतच. डब्यातला अख्खा गहूसुद्धा. पेरला तर तो उगवतो. (पॉलिश केलेला तांदूळ मात्र उगवणार नाही, त्याचा कोंब गिरणीतच गेलेला असतो.) झाडापासून तुटल्या तरी या साऱ्यांच्या पेशी मरत नाहीत. त्या हवेतला ऑक्सिजन घेतात, स्वतःत साठवलेली साखर जाळतात आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व थोडी ऊब बाहेर सोडतात. म्हणजे आपण करतो तेच: श्वसन.

हे एकदा ध्यानात आलं की किराणा-भाजी टिकवण्याच्या शंभर सूचनांमागे एकच प्रश्न उरतो. इथे कोणाचा श्वास चालू ठेवायचा आहे आणि कोणाचा बंद पाडायचा आहे?

सगळ्यांची श्वासाची गती सारखी नसते. मटार, मक्याचं कणीस आणि पालक अक्षरशः धापा टाकतात. सकाळी तोडलेला गोड मटार दोन दिवसांत पिठूळ लागतो, कारण त्याची साखर काही श्वासात जळून जाते, काहीचा स्टार्च होतो. बटाटा आणि कांदा मात्र सुप्तावस्थेत असतात. पुढच्या हंगामापर्यंत तग धरायचा असल्याने ते अगदी संथ श्वास घेतात. तापमान १० अंशांनी वाढलं की श्वसनाची गती साधारण दुप्पट-तिप्पट होते. फ्रीज उपयोगी पडतो तो मुख्यतः म्हणूनच: तो मटाराला दम खायला लावतो.

मग सगळंच फ्रीजमध्ये का नको? बटाट्याला विचारा. साधारण ४ अंशांच्या थंडीत तो आपल्या स्टार्चची साखर करू लागतो. असा बटाटा तळला की काचऱ्या चटकन काळपट होतात आणि चव विचित्र गोडसर लागते. वेफर्ससाठीचे बटाटे म्हणूनच इतक्या थंडीत ठेवत नाहीत. उजेडात ठेवला तर बटाट्याची साल हिरवी होते. तो हिरवा रंग निरुपद्रवी, पण त्याच्याबरोबर सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं. त्याला हवा अंधार, गारवा आणि किंचित ओलसर हवा. केळं तर १३ अंशांखालीच आजारी पडतं: सालीतल्या पेशी फुटतात आणि साल काळी पडते. उष्ण प्रदेशातल्या फळाला थंडी म्हणजे विश्रांती नव्हे, इजा असते.

कांद्याची तऱ्हा आणखी गमतीची. त्याला कोंब फुटायला सर्वांत पोषक तापमान १० ते २० अंश. त्याहून खूप खाली, शून्याजवळ, तो झोपून राहतो. आणि त्याहून वर, २५ ते ३० अंशांनाही झोपूनच राहतो! म्हणजे शीतगृहाची सोय नसेल तर कांदा गार करण्याची धडपड उलट त्याला जागं करते. नाशिकच्या कांदाचाळी याच ज्ञानावर उभ्या आहेत. उन्हाळ कांदा काढला की तो पातीसकट सुकवतात, मान पूर्ण वाळू देतात, कारण ओली मान हा बुरशीचा दरवाजा. मग तो जमिनीपासून उचललेल्या, खालून आणि बाजूंनी फटी असलेल्या चाळीत भरतात. थर साधारण चार-पाच फुटांपेक्षा उंच नेत नाहीत. नेला तर मधल्या कांद्यांनी सोडलेली ऊब आणि वाफ तिथेच अडकते व ढीग आतून सडतो. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये ‘कृषक’ हे विकिरण केंद्र सुरू केलं, तिथे आणखी वेगळी वाट आहे. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण कांद्याच्या कोंबाच्या टोकावरील पेशींची विभाजनाची क्षमता संपवतात. कांदा श्वास घेत राहतो, फक्त त्याला मोड येत नाहीत. घरात एवढं नको. जाळीची टोपली, एकावर एक फार नाही, आणि कोरडा वारा पुरे. कांदा-बटाटे एका टोपलीत नकोत, ते याचसाठी: एकाला कोरडी हवा लागते, दुसऱ्याला ओलसर.

कोथिंबिरीचं दुखणं पाण्याचं आहे. पानांतून ती सतत पाणी सोडते. उघडी ठेवली तर सुकते. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधली तर तिनेच सोडलेलं पाणी थेंबाथेंबाने पानांवर बसतं आणि त्यात जीवाणू वाढून ती चिकट होते. न धुता, कोरड्या कागदात किंवा सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली की डबा तिला सुकू देत नाही आणि कागद थेंब टिपतो.

आणि हे जिवंत शेजारी एकमेकांशी बोलतातही. १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्गला दिमित्री नेल्युबोव या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की प्रयोगशाळेतले वाटाण्याचे कोंब सरळ न वाढता आडवे पसरतात. बाहेरच्या हवेत मात्र नीट वाढतात. शोध घेता घेता तो पोहोचला दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीनपर्यंत. पुढे १९३४ मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड गेनने सिद्ध केलं की पिकणारं सफरचंद हाच वायू स्वतः तयार करतं. कोकणात आंब्याची अढी घालतात ती याच वायूला कोंडण्यासाठी, त्याचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं तेव्हापासून. पेंढ्यात ऊबही राहते आणि एका आंब्याचा इथिलीन दुसऱ्याला पिकवतो. हाच वायू पालेभाजीला मात्र पिवळं पाडतो. तेव्हा कच्चा चिकू पिकवायचा तर कागदी पिशवीत पिकलेल्या केळ्याशेजारी ठेवा, आणि ते केळं मेथीच्या जुडीपासून लांब ठेवा.

इथवर श्वास जपण्याची गोष्ट झाली. धान्याच्या डब्यात मामला उलटा होतो.

बंद डब्यात पोरकिडे येतात कुठून? बहुधा ते दाण्याच्या आतच असतात. पोरकिड्याची मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून चिकट बूच लावते. दाणा पुन्हा अखंड दिसतो. अळी आतला गाभा खाते, तिथेच कोष करते आणि उबदार हवेत महिन्याभराने किडा होऊन बाहेर पडते. कडधान्यावरचा भुंगा अंडी दाण्याच्या सालीवर चिकटवतो, आणि याची सुरुवात अनेकदा शेतातच झालेली असते.

कडधान्याला तेलाचा हात लावायची आपली रीत इथे कामाला येते. तेलाचा पातळ थर अंड्यावर बसला की त्याला हवा मिळत नाही आणि आतला जीव गुदमरतो. वाल, कुळीथ राखेत ठेवतात त्यामागचं कारण निराळं: बारीक राख किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडते, अंगातलं पाणी उडून जातं आणि किडा सुकून मरतो.

पण सर्वांत देखणी युक्ती जमिनीखाली आहे. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर वसलेलं हरिपूर हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध आहे. तोंडाशी अरुंद आणि खाली रुंद होत जाणारा हा खड्डा, पाणी न झिरपणाऱ्या मातीत खणलेला. हळद भरून तोंड बंद केलं की आत अडकलेले किडे आणि सूक्ष्मजीवच उरलासुरला ऑक्सिजन संपवतात. स्वतःच्याच श्वासाने ते आपली कबर बांधतात. पेव उघडल्यावर माणसाने लगेच खाली उतरायचं नाही, आधी कंदील सोडून पाहायचा, ही खबरदारी त्याचसाठी. २००५ च्या महापुरात यांतल्या अनेक पेवांत पाणी शिरलं, पण तत्त्व बुडालेलं नाही. १९८० च्या दशकात कॅमेरूनमध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी चवळी टिकवायला तीन पदरी हवाबंद पिशव्या काढल्या, त्या याच तत्त्वावर. त्यांच्या अभ्यासातून एक चकित करणारी गोष्ट पुढे आली. ऑक्सिजन कमी झाला की भुंगे खाणं थांबवतात आणि मरतात, पण बऱ्याच अंशी तहानेने! कोरड्या दाण्यात प्यायला पाणी नसतं. ऑक्सिजनच्या मदतीने अन्न जाळून ते आपलं पाणी स्वतःच बनवत असतात. हवा तोडली की पाणीही तुटतं.

घरच्या डब्याला यातून धडा असा: धान्य खडखडीत वाळलेलं हवं, झाकण घट्ट हवं आणि डबा काठोकाठ हवा. अर्धा रिकामा डबा म्हणजे किड्यांसाठी हवेचा साठा. रवा-मैदा थोडा असेल तर डीप फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवून मग डब्यात भरावा. थंडीने अंडीही मरतात.

दाणा दळला की आणखी एक संरक्षण जातं. बाजरीत साधारण ५ टक्के स्निग्धांश असतो. अख्ख्या दाण्यात तो आणि त्याला फोडणारं विकर वेगवेगळ्या ठिकाणी असतात. जात्यात दोघांची गाठ पडते, वर हवाही लागते, आणि काही दिवसांत पीठ कडू होतं. बाजरीचं दळण थोडं थोडं आणायचं ते म्हणून.

तर हवा तोडली की अन्न सुरक्षित, असा नियम करून टाकावा का? नाही, आणि ही चूक महागात पडू शकते. लोणच्यावर तेलाचा थर ठेवतात, कारण बुरशीला हवा लागते. पण मातीत राहणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जीवाणू हवा नसेल तिथेच फोफावतो आणि अत्यंत जहाल विष तयार करतो. कैरीच्या लोणच्यात आंबटपणा आणि मीठ त्याला वाढू देत नाहीत. नुसत्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवलेल्या सोललेल्या लसणीत मात्र ना आंबट ना मीठ. मातीतून आलेले बीजाणू, ओलावा आणि हवेचा अभाव असं सारं त्याच्या सोयीचं असतं. असं तेल फ्रीजमध्ये ठेवावं आणि तीन-चार दिवसांत संपवावं.

म्हणून डबे विकत घेण्याआधी आतल्या जिनसा ओळखाव्यात. कांद्याला जाळी, बटाट्याला अंधार, केळ्याला ओटा, मटाराला फ्रीज, कोथिंबिरीला कागद, चवळीला घट्ट झाकण. सगळ्यांना एकसारखे पारदर्शक डबे फळीवर छान दिसतात, पण ते डबे आपल्या डोळ्यांसाठी असतात. टिकायचं असतं ते आतल्या जिनसांना.