सवय माणसाची, सोय सरकारची

"वस्तीतल्या लोकांना स्वच्छतेची सवयच नाही!" हे वाक्य आपण शिवडीकरांनी बसमध्ये ऐकले आहे, कचेरीत ऐकले आहे, चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकले आहे. बंधू-भगिनींनो, या वाक्याचा एकदा नीट विचार केला पाहिजे. सवय काही जन्मतः अंगाला चिकटून येत नाही. घरात उजेड किती, नळाला पाणी किती वेळ, कचऱ्याचा डबा किती पावलांवर, यावर ती घडते. आणि या गोष्टी ठरवते ते सरकारी धोरण.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हाही दोष गरिबांच्या राहणीवरच ठेवला गेला. पुढे १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद केले, कामगारांसाठी चाळी बांधल्या. पाडले जास्त, बांधले कमी, हेही खरे. परंतु रोगाचे मूळ माणसात नसून कोंदट घरात आहे, हे सरकारला मान्य करावे लागले. याच ट्रस्टच्या परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेबांचे कुटुंब राहिले.

आज शिवडीचे नाव मुंबईभर दोन गोष्टींसाठी घेतले जाते. एक खाडीतले रोहित पक्षी आणि दुसरे महापालिकेचे टी.बी. हॉस्पिटल. दोन्हींपासून शिकण्यासारखे आहे.

खाडीच्या चिखलावर भरतीबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या येऊन पडतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शहर बुडाले. नाले तुंबायला पिशव्याही कारण झाल्या. त्यानंतर निर्बंध आले, तरी पिशवी फुकट मिळतच राहिली. मग २३ मार्च २०१८ रोजी राज्य सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये व तुरुंगवास. जूनमध्ये तपासणी सुरू होताच भाजीवालाच विचारू लागला, "ताई, पिशवी आणली का?" जुन्या साडीच्या पिशव्या घरोघरी शिवल्या गेल्या. पुढे तपासणी ढिली पडली आणि पातळ पिशव्या हळूच परतल्या. लोकांची सवय सुटली असे म्हणतात. आमच्या मते आधी सुटली ती तपासणी!

आता टी.बी.चे पाहू. हा रोग खोकल्यावाटे हवेतून पसरतो. हवा कोंडली की तो फावतो. ऊन आणि वारा हे त्याचे वैरी. गोवंडीच्या लल्लूभाई कंपाउंड व नटवर पारेख कंपाउंड येथे पुनर्वसनाच्या इमारती अगदी खेटून बांधल्या गेल्या. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात असे दिसले की, ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर टी.बी. अधिक आहे. त्या घरातल्या माऊलीला 'खिडकी उघडी ठेवा' असे सांगून काय उपयोग? समोर भिंत आहे. तिला दिवसाही दिवा आणि पंखा लावावा लागतो. रोगही तिचा आणि विजेचे बिलही तिचेच!

हा प्रश्न आपल्या दाराशी आहे. शिवडीच्या बी.डी.डी. चाळी बंदराच्या जमिनीवर असल्याने वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाच्या पुनर्विकासात त्या मागे राहिल्या. जेव्हा केव्हा कागद पुढे येईल, तेव्हा आपण फक्त 'किती चौरस फूट?' एवढेच विचारून थांबू नये. दोन इमारतींत अंतर किती? पहिल्या मजल्यावर ऊन येईल का? ओल्या-सुक्या कचऱ्याला जागा कुठे? हे प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखी घ्यावे.

आपल्या हातातले मात्र आपण आजच करावे. बाजाराला जाताना कापडी पिशवी न्यावी. ओला कचरा वेगळा ठेवावा, आणि गाडीवाला दोन्ही एकत्र ओतत असेल तर एफ दक्षिण विभाग कार्यालयात दहा घरांच्या सह्यांचा अर्ज द्यावा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेत उपचार सुरू असताना आहारासाठी पैसे मिळतात. २०१८ मध्ये ते दरमहा ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. ही कोणाची मेहेरबानी नव्हे, आपला हक्क आहे. बँक खाते जोडले आहे ना, हे घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी पाहावे.

चांगली सवय लावून घेणे हे आपले कर्तव्य आहे, आणि ती पाळता येईल अशी सोय करणे हे सरकारचे. आपण आपले कर्तव्य करू, आणि सरकारलाही त्याचे चुकवू देणार नाही.