ऑफ-सीझनला इमॅजिका? आधी गणित मांडा!

रांग नाही, गर्दी नाही. ऑफ-सीझनला थीम पार्क म्हणजे फुल टू धमाल, नाही का? मुंबई-पुणेकरांसाठी, हो. आपलं अमरावती-अकोल्याचं गणित मात्र वेगळं आहे.

२०१३ मध्ये सुरू झालेलं इमॅजिका आहे खोपोलीला. संध्याकाळी अमरावती-मुंबई एक्स्प्रेस पकडा, सकाळी कल्याणला उतरा, तिथून खोपोली लोकल. म्हणजे एका दिवसाच्या मजेसाठी दोन रात्री रेल्वेत, वर ऑफिसची रजा!

जुलै-ऑगस्टमध्ये वीकडेला रांगा छोट्या असतात हे खरं. पण खोपोली खंडाळा घाटाच्या पायथ्याशी. तिथला पाऊस कोसळतो. धो-धो पावसात, विजा असताना नायट्रोसारखा उघड्यावरचा रोलर कोस्टर थांबवावा लागतो. उरतात छताखालच्या राइड्स. मुंबईकर म्हणेल, ‘पुढच्या शनिवारी येऊ.’ आणि आपण? पुढच्या वर्षी!

मग करायचं काय? दिवाळी-नाताळच्या सुट्ट्या टाळून हिवाळ्यातला मंगळवार-बुधवार गाठा. शाळांच्या सहली भेटतील, थोडी रांग लागेल; पण निदान पावसाची धास्ती नाही. तिकीट काढण्याआधी फोन करून कुठल्या राइड्स दुरुस्तीला बंद आहेत, तेही विचारा.

आणि पावसातच भटकायचं असेल, तर आपला चिखलदरा आहेच की. तिथे पाऊस हीच राइड!