गिटारच्या तारांत सैतान दडला आहे काय?

काळे कपडे, टी-शर्टवर कवटी आणि कानठळ्या बसवणारे संगीत. बंगळूरला शिकायला किंवा नोकरीला गेलेला मुलगा हे सारे घेऊन घरी येतो तेव्हा आईवडिलांच्या मनात पाल चुकचुकते. हेवी मेटलच्या कलावंतांचा जादूटोण्याशी खरोखर संबंध असतो, की ते नुसते सोंग असते?

१७ मार्च २००७ रोजी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर ‘आयर्न मेडन’ या ब्रिटिश बँडचा कार्यक्रम झाला. त्यासाठी गावोगावचे तरुण रात्रभर प्रवास करून आले होते. पुढे याच शहरात २००८मध्ये ‘मेगाडेथ’, २०११मध्ये ‘मेटॅलिका’ आणि २०१२मध्ये ‘स्लेअर’ येऊन गेले. बंगळूरला या संगीताचे वेड त्याच्याही आधीपासूनचे आहे. ‘मिलेनियम’, ‘डाइंग एम्ब्रेस’ आणि १९९८मध्ये निघालेला ‘क्रिप्टोस’ हे इथलेच बँड.

या संगीताभोवती सैतान, भुते आणि स्मशान यांची चित्रे असतात. त्यामुळे घरच्यांनी धास्तावणे साहजिकच आहे. मात्र या बाबतीत सगळ्यांना एकाच माळेचे मणी समजून चालत नाही.

भीतीचा धंदा

हेवी मेटलची सुरुवात ‘ब्लॅक सॅबथ’ या बर्मिंगहॅमच्या बँडपासून मानतात. त्यांची पहिली तबकडी १९७०मध्ये निघाली. बँडचे नाव एका भयपटावरून घेतले होते. लोक पैसे मोजून घाबरायला जातात, मग भीतीचे संगीत का विकले जाऊ नये, असा हा सरळ हिशेब होता. गीते लिहिणारा गीझर बटलर हा कॅथलिक घरातला. त्या वयात त्याला गूढविद्येचे आकर्षण होते आणि त्याने आपली खोली काळी रंगवली होती. एका रात्री पलंगाच्या पायथ्याशी काळी आकृती दिसली आणि आपण त्या नादातून बाहेर पडलो, असे त्याने पुढे अनेकदा सांगितले. बँडचे सदस्य गळ्यात जे क्रूस घालत, ते गायक ऑझी ऑस्बर्नच्या वडिलांनी घडवले होते.

‘आयर्न मेडन’च्या १९८२च्या सैतानावरील गाण्याचे मूळ स्टीव्ह हॅरिसला एक भयपट पाहून पडलेल्या दुःस्वप्नात आहे. तरीही अमेरिकेत काही धार्मिक गटांनी त्यांच्या तबकड्या जाळल्या. ‘स्लेअर’चा गायक टॉम अराया तर स्वतःला श्रद्धाळू कॅथलिक म्हणवतो.

ज्यांना खरोखर रस होता

सगळेच सोंग होते असेही नाही. ‘लेड झेपेलिन’चा गिटारवादक जिमी पेज याने अलिस्टर क्राउली या इंग्रज तांत्रिकाचा गंभीरपणे अभ्यास केला. १८७५मध्ये जन्मलेला क्राउली योग आणि पाश्चात्त्य मंत्रविद्या यांची सरमिसळ करत असे. स्कॉटलंडमध्ये लॉक नेसच्या काठी असलेले त्याचे बोलेस्किन हाउस पेजने १९७०च्या सुमारास विकत घेतले आणि १९९२मध्ये विकले. लंडनमध्ये त्याचे गूढविद्येच्या पुस्तकांचे दुकानही होते.

डेन्मार्कचा गायक किंग डायमंड याने अँटन लावे याच्या विचारांशी आपली जवळीक उघडपणे सांगितली. लावेने १९६६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सैतानाच्या नावाने पंथ काढला. पण या पंथात सैतान हा खरा देव नसून माणसाच्या स्वार्थाचे आणि स्वातंत्र्याचे प्रतीक मानला जातो.

खेळ जेव्हा गुन्हा होतो

नॉर्वेत मात्र गोष्ट हाताबाहेर गेली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘ब्लॅक मेटल’च्या वर्तुळातल्या काही तरुणांनी चर्चना आगी लावल्या. १९९२मध्ये बर्गनजवळचे फँटॉफ्टचे प्राचीन लाकडी चर्च जळून खाक झाले. वर्ग विकेर्नेस या वादकाला १९९४मध्ये सहकलावंताचा खून आणि इतर काही चर्चची जाळपोळ यांबद्दल २१ वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या गुन्ह्यांमागे मंत्रांची शक्ती नव्हती. द्वेष, आपसातली चढाओढ आणि आपण इतरांपेक्षा अधिक ‘खरे’ आहोत हे दाखवण्याची खुमखुमी होती.

याउलट, तबकडीतल्या छुप्या संदेशामुळे दोन तरुणांनी आत्मघाताचा प्रयत्न केला, असा आरोप ‘जुडास प्रीस्ट’वर अमेरिकेत झाला होता. १९९०मध्ये न्यायालयाने बँडला जबाबदार धरले नाही.

बंगळूरचे वास्तव

बंगळूरच्या बँडमध्ये भुताखेतांची नावे आहेत, पण ती बहुधा पुस्तकांतून आणि चित्रपटांतून आलेली. ‘जिन अँड मिस्काटोनिक’ या नावात अरबी कथांतला जिन आणि लव्हक्राफ्ट या भयकथालेखकाच्या कथांमधले काल्पनिक विद्यापीठ एकत्र आले आहेत. ‘बेवार सी’ हे नाव तर कन्नडमधल्या ‘बेवर्सी’ या शिवीवजा शब्दावरची कोटी आहे. मराठी माणसाला ‘बेवारशी’ आठवून हसूच येईल.

खरा जादूटोणा शोधायचा तर गिटारवाल्यांकडे जाण्याची गरज नाही. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. कर्नाटकाने २०१७मध्ये असाच कायदा केला आणि तो २०२०मध्ये अमलात आला. उष्ट्या पत्रावळींवरून लोळण्याची ‘मडे स्नान’ ही प्रथा त्याच्या कक्षेत आली. या कायद्यांचा रोख आहे तो नरबळी, भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण आणि भोंदू बाबांची लूट यांवर. त्यांची शिकार होणारे लोक रॉक ऐकणारे असतातच असे नाही. अनेकदा ती आपल्यासारखीच देवभोळी कुटुंबे असतात.

पालकांनी काय करावे?

टी-शर्टवरची कवटी पाहून मुलाला ओरडू नये. तो काय ऐकतो ते एकदा त्याच्याशेजारी बसून ऐकावे आणि त्याला त्यात काय आवडते ते विचारावे. बहुतेक वेळा उत्तर मिळेल ते वेगाबद्दल, तालाबद्दल आणि मित्रांबद्दल.

मात्र मुलगा एकलकोंडा होत असेल, त्याची झोप आणि जेवण बिघडले असेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल किंवा कुणाबद्दल द्वेषाने बोलत असेल, तर दुर्लक्ष करू नये. अशा वेळी तबकडी फोडून किंवा अंगारा लावून भागत नाही. मुलाशी शांतपणे बोलावे आणि मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. मुलाच्या टी-शर्टवरचा सैतान घालवायला म्हणून त्याला एखाद्या बाबाच्या दारात नेले, तर ज्या जादूटोण्याला आपण भीत होतो तो आपणच घरात आणलेला असेल.